हॉलंडचे ऐंशी पाय

१ जानेवारी २००७, सकाळी

नवी डायरी. मागच्या वर्षीची मार्चमध्येच बंद पडली, पण त्यात माझा दोष नव्हता. कागद हलका होता, शाई फुटायची.

संकल्प: रोज लिहिणे. चिडणे बंद. ऑफिस पूर्ण आधुनिक करणे.

तिसरा आजच मार्गी लागला. मीनाक्षीचा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, उन्मेष पुण्याहून आलाय, कॉम्प्युटरमध्ये असतो. त्यानं एक डबा आणला. डब्याला एकीकडून इंटरनेट जोडायचं, दुसरीकडून फोन नाहीतर फॅक्स. डब्याबरोबर हॉलंडचा नंबर मिळतो. म्हणजे मशीन कोल्हापुरात, चप्पल लाइनच्या बाजाराच्या मागच्या बोळात, माझ्या टेबलावर, आणि नंबर रॉटरडॅमचा. तिकडच्या माणसाला लोकल कॉल.

उन्मेष म्हणाला, बोलायला झकास आहे, पण फॅक्सची मी खात्री देत नाही, फॅक्सला जुनी लाइनच ठेवा. कॉम्प्युटरवाली माणसं मुळात भित्री.

४ जानेवारी

कोराबाईंचा फोन. डब्यावरून. आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा.

कोराबाईंचं रॉटरडॅमला चपलांचं दुकान आहे. दोन वर्षं त्या माझ्याकडून नंबरातला माल नेतात, थोडाथोडा. या वेळी चाळीस जोड, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाच्या मापाचा. गिऱ्हाइकाचा पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची आणि तो कागद मला फॅक्स. चाळीस माणसं, ऐंशी पाय. एप्रिलच्या मध्यापर्यंत माल पोचायला हवा. जमलं तर दर वर्षी चारशे जोड.

संध्याकाळी कृष्णातअण्णांकडे गेलो. मूळचे पेठ वडगावचे, तीस वर्षं कोल्हापुरात मापाची चप्पल करतात. एकही जोड माप चुकलं म्हणून परत आलेला नाही, हे ते स्वतः कधी सांगत नाहीत, लोक सांगतात. तीन महिने दुकानदारांचं काम बंद ठेवून हे करायला तयार झाले. अट एकच. प्रत्येक तळव्यावर त्यांचं नाव उठवायचं, इंग्रजीत. म्हणाले, तीस वरसं दुकानदारांची नावं उठवली, आता एकदा आपलं उठू दे की.

मी ताबडतोब हो म्हटलं. माझं मन मोठं आहे. त्यांची मुलगी साक्षी अकरावीत आहे, तिनं लगेच कागदावर कृष्णात, कोल्हापूर अशी इंग्रजी अक्षरं काढून दिली. त्यावरून ठसा करायचा.

९ जानेवारी

पहिला पाय आला. अर्धा. बोटं आली, टाच आली नाही. मशीननं कर्कश्श आवाज काढला आणि कागद कापून बाहेर टाकला. तीनदा तेच. चौथ्यांदा दुपारचं लोडशेडिंग.

उन्मेषला फोन. म्हणाला, मशीनचा स्पीड कमी करा. केला. आता टाचेच्या जरा अलीकडेपर्यंत येतं. प्रगती आहे.

कोराबाईंनी विचारलं, जुन्या नंबरावर पाठवू का. मी म्हटलं, गरज नाही. जुना फोन टेबलावर आहे, टोनही चांगला येतो. पण गिऱ्हाइकाला परदेशी कॉलचा भुर्दंड का? आणि एकदा डबा घेतला म्हटल्यावर घेतला.

१२ जानेवारी

सापडलं. उन्मेष म्हणाला, मशीनमध्ये चुका दुरुस्त करायची सोय असते, ती बंद करून बघा. ती चालू असली की मशीन प्रत्येक गाळलेला तुकडा पुन्हा मागत बसतं, इंटरनेटवर तुकडे फार गळतात, शेवटी मशीन कंटाळून फोन ठेवतं. बंद केली की जे येईल ते घेतं आणि पुढे जातं.

मला हे तत्त्वच पटलं. माणसानंही असंच असावं.

पुढेही काहीतरी म्हणाला, बाहेर ट्रकचा हॉर्न चालू होता. मजकुराला चालेल, नकाशाबिकाशाला नको, असं काहीसं. आपल्याकडे कुठला नकाशा? आपले पाय आहेत.

सोय बंद केली. सलग बारा पाय आले. प्रत्येकाच्या शेवटी मशीननं ओके लिहिलं. बारा ओके. मीनाक्षीला दाखवायला घरी घेऊन गेलो. ती वह्या तपासत होती, शाळेच्या. हं म्हणाली.

२० जानेवारी

ऐंशीच्या ऐंशी. सगळे ओके. कागदाचे तीन रोल लागले.

या विषयावर उद्यमनगरात, कारखानदारांपुढे, एक व्याख्यान द्यावं. इंटरनेटवरून खात्रीशीर व्यावसायिक फॅक्सिंग. लोक अजून जुन्या लाइनवर बसलेत, त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

२३ जानेवारी

अण्णा येऊन पाय बघून गेले. एकेक कागद खिडकीशी धरून. मग म्हणाले, वसंतराव, ही माणसं हाईत का बदकं? रुंदी रीतसर हाय, लांबी न्हाय. आणि ह्या बाईचा डावा पाय उजव्यापेक्षा अर्धा इंच आखूड हाय.

मी समजावलं. कोणाचेच दोन पाय सारखे नसतात. रात्री घरी स्वतःचे मोजले. सारखे निघाले. पण मी हॉलंडचा नाही. तिकडे पिढ्यान् पिढ्या लाकडी बूट घालायचे, पाय वाढायला वाव कुठे मिळणार?

२४ जानेवारी

अण्णांचा नवा मुद्दा. पेन्सिल उभी धरली का त्यांनी? आत कलंडली की पाय लहान येतो. हा मुद्दा योग्य वाटला. कोराबाईंना पेन्सिल कशी धरावी यावर एकपानी फॅक्स पाठवला, आकृतीसह. ओके.

त्यांचं उत्तर, पेन्सिल उभीच होती. विषय संपला.

२ फेब्रुवारी

अण्णांनी अजून कातडं कापलेलं नाही. म्हणतात, प्रत्येक पायाची लांबी आकड्यात लिहून मागवा, मग कापतो.

डोक्याला ताप. चाळीस गिऱ्हाइकांना पुन्हा बोलवा, पट्टी लावा, कोराबाई काय म्हणतील? इतकं स्वच्छ चित्र पाठवूनही ह्यांना कळत नाही म्हणतील. धंद्यात विचारणं म्हणजे कमीपणा. मी अण्णांना स्पष्ट सांगितलं, मशीननं ऐंशी वेळा ओके दिलंय. मशीनला खोटं बोलायचं कारण काय?

अण्णा म्हणाले, मशीनला आपलं नाव उठवायचं न्हाय तळव्यावर. पण ऐकलं त्यांनी. शेवटी, तुमचा सबूद हाय म्हटल्यावर कापतो, म्हणाले. ऐंशी कागदांच्या झेरॉक्स त्यांना दिल्या, मूळ कागद माझ्या कपाटात.

अनुभवाला मान मिळाला. बरं वाटलं. थोडं थकल्यासारखंही वाटतंय, हवामान असावं.

१७ फेब्रुवारी

डायरीत खंड पडला, लिहिण्यासारखं काही नव्हतं. व्याख्यानाची तारीख ठरत नाही. उद्यमनगरवाल्यांचा हॉल सारखा दुरुस्तीला असतो.

आज अण्णांकडे तयार जोड बघितले. कागदावर चप्पल ठेवून दाखवली, रेषेला रेष. सूतभर इकडेतिकडे नाही. आणि तळव्यावर नाव. अण्णा प्रत्येक ठशावरून अंगठा फिरवत होते. मला वाटलं कातड्याला काही लागलं असेल.

२८ मार्च

माल गेला. विमानानं. खोकी बांधताना अण्णा धुतलेला शर्ट घालून आले, साक्षीला घेऊन. तिनं खोक्यावरचा पत्ता मोठ्यानं वाचून दाखवला, अण्णांनी पुन्हा वाचायला लावला. चप्पल लाइनमधले चारपाच जण बघायला आले होते. अण्णा त्यांना म्हणाले, नाव गेलं बघा हॉलंडला.

मीही दोन शब्द बोललो, आधुनिक संपर्कसाधनांवर. लोक तोवर चहाला गेले होते.

१९ एप्रिल, सायंकाळी ५

कोराबाईंचा फॅक्स. ओके.

मजकूर ओके नाही. चाळीसही जोड आखूड. टाच बाहेर येते. गिऱ्हाइकांनी परत केले. काम सुंदर आहे, कातडं सुंदर आहे, पण पायात जात नाही. शेवटी विचारलंय, तळव्यावर ज्याचं नाव आहे त्या कृष्णातना माप घेता येतं का?

पंखा चालू असून घाम आला. उन्हाळा फार आहे या वर्षी.

२० एप्रिल

रात्रभर विचार केला. आपल्या बाजूनं सगळं चोख होतं. ऐंशी ओके. म्हणजे राहता राहिले अण्णा. माणूस पन्नाशी ओलांडतो, नजर दगा देते, ते कबूल करवत नाही.

सांगितलं तसं. सौम्य शब्दांत. अण्णांनी नमुन्याला म्हणून जास्तीचा केलेला जोड काढला, त्याचा कागद काढला, कागदावर चप्पल ठेवली. रेषेला रेष. माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, कातडं प्रवासात आटलं असेल. ते म्हणाले, तीस वरसात माझं कातडं कधी आटलं न्हाय.

आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर मलाही चढवता आला असता.

२७ एप्रिल

चप्पल लाइनमध्ये बातमी पसरली. मी कुणालाही सांगितलं नाही. फक्त चहावाल्याला म्हणालो होतो, मापाची जरा गडबड झाली. आता अण्णा दिसले की पोरं म्हणतात, अण्णा, हॉलंडला टाचा पोचल्या का?

मीनाक्षी म्हणाली, तुम्ही त्या फॅक्सचं बघा की एकदा. मी म्हटलं, शाळेचं वेगळं, धंद्याचं वेगळं असतं.

११ मे

पोस्टानं कोराबाईंचं पाकीट. आत एका चपलेचा फोटो, टाच बाहेर लोंबणारी, आणि त्या पायाचा मूळ कागद. पेन्सिलीनं काढलेला.

दार लावून घेतलं. कपाटातून तोच पाय काढला, फॅक्सवर आलेला. एकावर एक ठेवला.

फॅक्सचा पाय दीड सेंटीमीटर आखूड.

पट्टीनं मोजलं. पट्टी बदलून मोजलं. रुंदी तीच, लांबी कमी. उन्मेषला फोन केला, सहज विचारल्यासारखं. तो म्हणाला, होणारच, चुकांची सोय बंद आहे ना, वाटेत गळलेल्या ओळी मशीन सोडून देतं आणि उरलेल्या एकमेकींना चिकटवतं, चित्र आखूड येतं. मजकुरात फार कळत नाही. मी तुम्हाला जानेवारीतच म्हटलं होतं, नकाशे पाठवू नका.

ट्रकचा हॉर्न होता, हे त्याला सांगितलं नाही. दोन्ही कागद कपाटात ठेवले. कुलूप लावलं.

१२ मे

उद्या अण्णांना सांगायचं. ठरलं.

१३ मे

रविवार. सुटीच्या दिवशी कामाचं बोलू नये.

१७ मे

गेलो होतो. अण्णांकडे पाहुणे होते. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही.

२५ मे

अजून सांगणं झालेलं नाही. कारण ठरवलंय की आधी कोराबाईंना कळवावं, मग अण्णांना, म्हणजे हातात पुरावा असेल. क्रम महत्त्वाचा. कोराबाईंनाही कळवलेलं नाही, शब्द जुळत नाहीत.

३ जून

अण्णा डोळे तपासून आले. मला सोबत नेलं होतं, फॉर्म इंग्रजीत असतो म्हणून. डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आहे, जवळचा नंबर किंचित वाढलाय इतकंच. अण्णा म्हणाले, न्हाई डॉक्टर, काहीतरी हाय, पुन्हा बघा. दोनदा बघायला लावलं. डोळे चांगले निघाल्याचं एवढं वाईट वाटलेला माणूस मी पाहिला नाही.

परत येताना रिक्षात म्हणाले, मग हातच गेला म्हणायचा. मापाचं काम बंद करतो. नंबरातल्या चपला करीन दुकानदारांना, त्यास्नी त्यांचं नाव लागतं.

मी तेव्हाच सांगणार होतो. खरंच. तोंड उघडलं, रिक्षा थांबली, सुट्ट्याचा घोळ सुरू झाला. तो मिटेपर्यंत अण्णा उतरून गेले होते. आज जेवण गेलं नाही. लाज वाटते. असं मी सहसा लिहीत नाही.

१४ जून, दुपारी

पत्र लिहिलं. कोराबाईंना, इंग्रजीत, टाइप करून. एक पान. आधी सगळी परिस्थिती मांडली: कागदांवरून मापं श्री. कृष्णात यांनी स्वतः काढली, चाळीसही जोड त्यांच्या हातचे, चाळीसही आखूड, आम्हाला अत्यंत खेद आहे. मग खालच्या परिच्छेदात, पण दोष त्यांचा मुळीच नाही, मीच फॅक्सची अमुक सोय बंद केली होती आणि त्यांनी वेळोवेळी शंका काढूनही मी ऐकलं नाही.

मीनाक्षीला वाचायला दिलं. ती म्हणाली, खालचं वाक्य सगळ्यांत वर घ्या. मी म्हटलं, व्यावसायिक पत्रात आधी पार्श्वभूमी असते. ती म्हणाली, मग निदान पोस्टानं पाठवा. पोस्टाला दहा दिवस. मला आजच मोकळं व्हायचं होतं.

फॅक्स केला. ओके.

खूप महिन्यांनी हलकं वाटलं. आता उत्तर आलं की ते घेऊन अण्णांकडे. चप्पल लाइनमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवीन.

१८ जून, सायंकाळी ६

उत्तर आलं.

प्रिय वसंत, तुमचं प्रामाणिक पत्र मिळालं. पानाचा खालचा अर्धा भाग नुसता काळ्या पट्ट्यांचा आला, पण मुद्दा कळला. कारागिराची चूक तुम्ही मोकळेपणानं मान्य केलीत याचं मोल वाटतं. दुसऱ्या कुणा कारागिराकडून पुढच्या वर्षी दहा जोड करून बघू.

तीनदा वाचलं. वाचता वाचता अण्णा जिन्यावरून वर आले. ते कधी असे येत नाहीत. मीनाक्षी बाजारात भेटली होती म्हणे, हॉलंडला पत्र गेलंय, तुमच्याबद्दलच आहे, एवढंच तिनं सांगितलं. ते खुर्चीवर बसले नाहीत. विचारलं, काय म्हणत्यात बाई?

मी म्हटलं, म्हणतात, तुमची चूक नव्हती.

हे खोटं नाही. चूक त्यांची नव्हतीच. फक्त हे बाई म्हणत नाहीत.

अण्णा खाली बसले. भिंतीला टेकून, जमिनीवरच. डोळे पुसले. म्हणाले, वसंतराव, गेलं दोन महिनं झोप न्हाय, कातड्याला हात लावायचं जिवावर येतंय. मग हात पुढे केला. म्हणाले, त्यो कागद द्या. उद्या सकाळी चप्पल लाइनमध्ये एकेकाला दाखवतो.

मी म्हटलं, कागद ऑफिसच्या फाइलला लागतो. झेरॉक्स काढून देतो. झेरॉक्सवाला बंद होता. मग मी काय करणार? दिला.

त्यांना इंग्रजी येत नाही. चप्पल लाइनमध्येही कुणी फारसं वाचणार नाही. कागदावर इंग्रजी छापलेलं असलं की लोक मान हलवतात. उद्या जुन्या लाइनवरून कोराबाईंना फोन करून सगळं सरळ करायचं. आयएसडी बंद आहे, तो आधी सुरू करून घ्यावा लागेल. अर्ज आज लिहून ठेवतो.

१९ जून, सकाळी ९.२०

साक्षी आलीय. एकटीच. कॉलेजला जाता जाता.

तिनं कागद टेबलावर ठेवला. घडी नीट, कोपरा कुठे दुमडलेला नाही. म्हणाली, काका, बाबा अंघोळ करून नवा शर्ट काढून बसलेत, दहाला लाइनमध्ये जायचंय म्हणतात. त्यांना लोकांना बोटानं दाखवायचंय, चूक नव्हती ते कुठे लिहिलंय. मला वाचायला सांगितलं. मी रात्री डिक्शनरी घेऊन वाचलं, चार वेळा. मला ती ओळ सापडली नाही. माझं इंग्रजी कच्चं असंल. तुम्ही तेवढी पेनानं अंडरलाइन करून द्या.

माझ्याकडे सरळ बघत होती.

मी म्हटलं, बस, पेन आणतो. आतल्या खोलीत आलो. पेन हातात आहे, त्यानंच हे लिहितोय. बाहेर ती बाकावर बसली आहे.